मनकर्णाबाईंच्या कपाटातली हिरवी शिशी

मित्रांनो, मी एक रिकामी शिशी आहे. तळहातात मावेन एवढी, फिक्या हिरव्या काचेची, अंगावर दोन पानं आणि एक पांढरं फूल कोरलेली. तोंडाशी माझा जरा टवका उडाला आहे. ते कसं झालं ते पुढे कळेलच. माझ्या पोटात पूर्वी सेंट होतं. साधंसुधं नव्हे, खास उन्हाळ्यात लावायचं. आणि माझं नशीब असं, की ज्या नागपुरात उन्हाळा फेब्रुवारी संपायच्या आतच दार ठोठावतो, तिथे मी एकामागून एक उन्हाळे लोखंडी कपाटात बंद होते. चोराला निदान त्याचा गुन्हा तरी सांगतात. मला तोही कोणी सांगितला नाही.

माझा जन्म बुटीबोरीच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका सरकत्या पट्ट्यावरून एकेक शिशी उचलायच्या, उजेडात धरायच्या आणि पुढे सोडायच्या. माझ्यात जे सेंट भरलं त्यात वरवर काकडी चिरल्याचा वास होता, त्याखाली मोगऱ्याच्या कळ्यांचा आणि संत्र्याच्या बहराचा, आणि सगळ्यात खाली, दबून बसलेला, ओल्या वाळ्याचा. तिथे वास तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कागदाची पट्टी बुडवून नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा! माठापाशी बसल्यासारखं वाटते." त्या स्तुतीवर मी फार दिवस काढले.

मग एका यंत्राने माझ्या तोंडावर फवाऱ्याची तोटी बसवली आणि तिच्याभोवती धातूची कडी अशी आवळली की ती जन्मात निघू नये. वरून टोपण घातलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. तोटी दाबली की आपण बाहेर, एवढा साधा हिशेब होता. ती दाबणारं बोट येणारच नाही, अशी शंका त्या वयात कोणाला येते?

खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'उबदार दिवसांसाठी ताजा, हिरवा, फुलांचा सुगंध'. ज्याने कोणी हे लिहिलं, त्याने नागपूरचा मे महिना पाहिलेला नसावा. आमच्या मे महिन्याला उबदार म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणण्यासारखं आहे. पण खोका सुरेख होता, आणि तो घालून मी सीताबर्डीच्या एका दुकानात दाखल झाले.

तिथेच मला सुशील भेटला. पंचविशी ओलांडलेला, नवा कोरा शर्ट घातलेला, आणि अत्तराच्या दुकानात पहिल्यांदाच आल्यामुळे भांबावलेला. त्याला आईसाठी काहीतरी घ्यायचं होतं. दुकानातल्या मुलीने गुलाबाचं दाखवलं, चंदनाचं दाखवलं, कसलंसं चॉकलेटच्या वासाचंही दाखवलं. तो प्रत्येक वेळी मान हलवायचा. "गोड नको. तिचं डोकं दुखते." शेवटी त्या मुलीने माझ्या जातीची नमुन्याची शिशी त्याच्या मनगटावर दाबली. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि एकदम हसला.

"हे द्या," तो म्हणाला. "आमच्या दुकानात सकाळी नवीन कूलर पहिल्यांदा भिजवला ना, तं अस्साच वास येते."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते ऐकलं आणि पोटात ठेवलं. पुढे कितीतरी वेळा ते ओरडून सांगावंसं वाटलं. पण शिशीला तोंड असलं तरी वाचा नसते.

सुशीलच्या वडिलांचं, महादेवरावांचं, मानेवाडा रोडवर कूलरचं दुकान. दुकानावर पाटी, 'मनकर्णा कूलर्स'. मनकर्णा म्हणजे सुशीलची आई. बायकोचं नाव उखाण्यातसुद्धा लाजत घेणाऱ्या माणसाने ते हातभर अक्षरांत रस्त्यावर रंगवून घेतलं होतं. पत्रा कापायचा, वाकवायचा, टाकी झाळायची, तीन बाजूंना गवताच्या ताट्या बसवायच्या, असा प्रत्येक कूलर महादेवराव हाताने बनवायचे. सुशीलही त्याच दुकानात, पत्र्यांच्या ठोक्यांत वाढला. पण त्याने नोकरी धरली ती एसीच्या शोरूममध्ये. वडिलांनी तेव्हा तोंडाने काही म्हटलं नाही. मात्र मुलगा कुठे कामाला आहे असं कोणी विचारलं, तर ते "बर्डीवर" एवढंच सांगायचे.

ज्या दिवशी मी त्या घरात आले, त्या दिवशी मी एकटी आले नव्हते. मालवाहू ऑटोतून एक भलंमोठं खोकंही आलं होतं आणि त्याच्यासोबत भिंतीला भोक पाडायचं यंत्र घेतलेली दोन माणसं. सुशीलने आधी आईला हाक मारली, मला खोक्यातून काढलं आणि तिच्या मनगटावर माझी तोटी एकदा दाबली. एकदाच. मनकर्णाबाईंनी मनगट नाकाशी नेलं आणि लहान मुलीसारख्या लाजल्या. "मले कायले रे बेटा हे असं? म्हाताऱ्या बाईले?" असं म्हणत त्यांनी मनगट पुन्हा नाकाशी नेलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण होता. तेवढ्यात महादेवराव जेवायला घरी आले.

"हे काय होय?" त्यांनी मोठ्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"एसी होय बाबा. तुमच्यासाठी. दिवसभर तापलेले पत्रे ठोकता, रात्री निजायले तरी थंड पाहिजे ना."

"माह्या घरात एसी? अन् लोक काय म्हणतीन? महादेवराव आमाले कूलर विकते अन् स्वतः एसीत निजते?"

"लोकाइचं सोडा बाबा. अजून दहा वर्षांनी कूलर कोणी घेणार नाही."

महादेवरावांचे कान लाल झाले. ते शांतपणे म्हणाले, "मंग दहा वर्षांनीच ये."

रागात माणूस बोलून जातो. पण सुशील त्यांचाच मुलगा. खाण तशी माती! त्याने ते बोल जमिनीवर पडू दिले नाहीत. एसीचं खोकं आल्या पावली परत गेलं आणि त्याच आठवड्यात सुशील आपल्या बायकोला, मुग्धाला, घेऊन बेसाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. मानेवाड्याहून बेसा ते किती दूर? गाडीवर निघालं तर चहा निवायच्या आत पोचावं. पण त्या दोघांनी मध्ये समुद्र घातला.

तो गेला त्या दिवशी मनकर्णाबाईंनी मला पदराने पुसलं, देवापुढे क्षणभर ठेवलं आणि म्हणाल्या, "माहा पोरगा या घरात येऊन बसन, त्याच दिवशी लावीन. तोवर नाही." मग कपाट उघडलं. मला ठेवणीतल्या साड्यांच्या मागे, भिंतीच्या बाजूला सरकवलं. खोका कुठे गेला देव जाणे. कपाटाचं दार लागलं, किल्ली फिरली, आणि अंधार झाला.

मित्रांनो, तुम्ही कधी लपाछपी खेळताना कपाटात लपला आहात? दोन मिनिटांत जीव घाबरतो ना? मी तिथे वर्षं काढली. एका बाजूला कडक घडीचा शालू, दुसऱ्या बाजूला चांदीचं निरांजन, पायाशी डांबराच्या गोळ्या. त्या गोळ्यांचा वास असा की माझ्यासारखीला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. शालू वर्षातून एखाद्या लग्नाला जाऊन यायचा आणि महिनाभर तिथल्या गमती सांगायचा. निरांजन दिवाळीला बाहेर पडायचं. मला कुठलाच सण नव्हता. माझा सण बेसाला राहत होता आणि हट्टाला पेटला होता.

बाहेर आरशापुढच्या फळीवर पावडरीचा एक डबा होता. पत्र्याचा, स्वस्तातला, झाकण पिचकलेलं. मनकर्णाबाई रोज अंघोळ झाली की तो उपडा करून थोपटायच्या. ठपठप आवाज मला आत ऐकू यायचा. एक डबा संपला की दुसरा यायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मी त्याच्याहून उंची होते, सुंदर होते, आणि म्हणूनच कोंडलेली होते. माणसांची ही रीतच मला कळत नाही. जे त्यांना आवडत नाही ते रोज वापरतात आणि जे जिवापाड आवडतं त्याला कुलूप लावतात.

कपाट होतं पश्चिमेच्या भिंतीला. नागपूरचं दुपारचं ऊन त्या भिंतीवर पडलं की लोखंड तव्यासारखं तापायचं. उन्हात माणसाला गारवा देण्यासाठी माझा जन्म, आणि मीच आत शिजत होते. पहिल्या उन्हाळ्यात माझ्यातली काकडी गेली. मला ते जाणवलं; सगळ्यात वरचा, सगळ्यात ताजा वास एक दिवस नुसता नाहीसाच झाला. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मोगरा थकला आणि बहराचा वास ऐकू न येणाऱ्या आवाजासारखा झाला. हिरवा रंगही जरा पिवळट दिसू लागला. उरला तो तळाचा वाळा. सेंटाला वय असतं, मित्रांनो. ते जपून ठेवल्याने वाढत नाही. उघडायच्या आधीच मी आंबून जाईन आणि कधीतरी कोणीतरी नाक मुरडून मला मोरीत ओतेल, या विचाराने माझा थरकाप व्हायचा.

महादेवराव दुकानात गेले की कधी कधी किल्ली फिरायची. मनकर्णाबाई मला बाहेर काढून मांडीवर ठेवायच्या आणि दुसऱ्या हाताने फोन लावायच्या.

"जेवला काय बेटा? ... मुग्धा बरी आहे ना? ... बाबा? बाबा दुकानात. ... हो, आठवण काढून राहिले होते तुही. कालच काढली."

काढली नव्हती. मी सगळं ऐकत असे, म्हणून सांगते. महादेवरावांनी सुशीलचं नाव घेणं सोडलं होतं. पण संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा.

"फोन आला होता काय वं?"

"कोणाचा?"

"कोणाचाई."

आला होता असं कळलं की त्यांना एक पोळी जास्त जायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदाच या माणसाच्या नाकाशी मला कोणी धरा. तुमच्या पोराने शहरभरातल्या सगळ्या वासांतून तुमच्या दुकानाचा वास निवडला होता हो! पण माझ्या तोंडावर कडी आणि कडीवर कुलूप. मनकर्णाबाई माझी तोटी बोटाने नुसती चाचपायच्या, दाबायच्या कधीच नाहीत. पुन्हा अंधार.

असा तिसरा उन्हाळा आला. त्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, असा तापला की गल्लीतली कुत्री नालीत जाऊन बसली. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. जे कोणी निघायचं ते डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून. महादेवराव जेवून तासभर पडायचे. तेवढा तास मनकर्णाबाईंचा. सुशीलला पाटोडीचा रस्सा फार आवडतो, म्हणून त्यांनी डबा भरला आणि नवऱ्याचा डोळा लागल्यावर चोरपावलांनी बाहेर पडल्या. मुलगा बेसाच्या चौकात येऊन डबा घेऊन जाणार होता. त्यांची अशी भेट अधूनमधून व्हायची, ऑटो थांबतात तिथे, झाडाच्या बोटभर सावलीत. स्वतःच्याच मुलाला आईने असं चोरून भेटायचं. हे सगळं मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं.

परतताना त्यांना ऑटो मिळाला नाही. थोडं चालू, पुढे मिळेल, म्हणत त्या चालत राहिल्या. घराच्या फाटकाशी आल्या आणि तिथेच बसल्या.

कपाटात मला फक्त आवाज आले. भांडं पडल्याचा, महादेवरावांच्या धावण्याचा, "मनकर्णे! वं मनकर्णे!" अशा हाकेचा. ती हाक मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. शेजारच्या कामिनीबाई धावत आल्या. तळपायांना कांद्याचा रस चोळला, डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, कैरीचं पन्हं पाजलं. डॉक्टर आले, सलाइन लावली. म्हणाले, "ऊन लागलं. ताप उतरेपर्यंत खोली थंड ठेवा. जास्त वाटलं तर लगेच दवाखान्यात भरती करा. घरी एसी नाही काय?"

महादेवरावांनी मनकर्णाबाईंच्या डोक्यावरची पट्टी बदलली.

मग म्हणाले, "कूलर आहे."

"चालते. पण चांगला पाहिजे. दारंखिडक्या उघड्या ठेवा."

चांगला पाहिजे! हे शब्द महादेवरावांना कुठे लागले असतील ते मला कपाटातसुद्धा समजलं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घरात ठोकाठोकी सुरू झाली. त्यांनी दुकानातला आपला सगळ्यात मोठा कूलर, चाकांच्या स्टँडवरचा, हातगाडीवर घालून घरी आणला. जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. मोटर साफ केली, नळीची भोकं सुईने मोकळी केली, टाकीत बर्फाची लादी फोडून टाकली. मनकर्णाबाई बाहेरच्या खोलीत खाटेवर ग्लानीत पडल्या होत्या आणि हा माणूस त्यांच्याभोवती न बोलता राबत होता. जणू एसीला हरवायचं होतं, आणि तेही आजच.

आता एकच राहिलं होतं. टाकीतल्या पाण्यात दरवर्षी वाळ्याचं अत्तर पडायचं. ते मनकर्णाबाई इतवारीतून आणायच्या, हिरव्या शिशीत असायचं आणि कपाटात कुठेतरी असायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी बायकोच्या उशाखालून हळूच किल्ली काढली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली असतील, पण त्या कपाटात हात घालायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. साड्या सरकल्या. उजेड आला. आणि पत्र्याने चिरा पडलेली एक राकट मूठ माझ्याभोवती मिटली.

त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं. हिरवी काच, पानं, पांढरं फूल. टोपण काढून तोटी दाबली. माझ्यातून एक फवारा उडाला, किती वर्षांनी! त्यांनी नाक पुढे केलं. काकडी गेलेली, मोगरा थकलेला, राहिला होता तो नुसता वाळा.

"हेच होय," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा एकदा हुंगून, जरा थांबून, "लय भारी आणलं वं या वर्षी."

पण एवढ्याशा फवाऱ्याने टाकीभर पाण्याचं काय होणार? त्यांनी तोटी फिरवून पाहिली, ओढून पाहिली. कडी हलेना. मग ते आपली पक्कड घेऊन आले. मित्रांनो, मला दुखलं. कडी करकरली, माझ्या तोंडाचा एका बाजूला टवका उडाला, आणि फट्दिशी तोटी उडून कोपऱ्यात गेली. दुसऱ्या क्षणाला मी उपडी होते. माझं सगळं, थेंबन् थेंब, बर्फाच्या पाण्यात कोसळत होतं. ज्या सुटकेची मी वाट पाहत होते ती अशी, एका चुकीने आणि पक्कडीने आली. मोटर सुरू झाली, ताट्या भिजल्या, पंखा फिरला.

आणि मग काय विचारता! मनगटावर थेंबभर लावायचं सेंट, ते आख्खी शिशी टाकीत. वाळ्याच्या ताट्यांतून जाताना माझ्यातला थकलेला मोगरासुद्धा उठून बसला. बाहेरची खोली भरली, स्वयंपाकघर भरलं, वास दारातून गल्लीत गेला. कामिनीबाईंनी कुंपणावरून विचारलं, "महादेवरावजी, काय टाकलं हो कूलरात? मंगल कार्यालयात आल्यासारखं वाटून राहिलं!" महादेवराव मला हातात धरून कौतुकाने कूलरकडे पाहत उभे होते.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. मनकर्णाबाईंचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी मान उचलली आणि पुटपुटल्या, "सुशील आला काय जी?"

महादेवरावांना वाटलं, ताप डोक्यात गेला. ते जवळ गेले. "काय म्हणतं?"

"सुशील आला ना? सेंटाचा वास येऊन राहिला... मी म्हटलं होतं, तो येऊन बसन तवाच लावीन. कवा आला? कुठी आहे?"

त्यांनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग नवऱ्याच्या हातात मी दिसले, उघडी, टवका उडालेली, रिकामी. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं होतं, बाहेर पडल्यावर मला आनंद होईल. तो झाला नाही. मी ज्यासाठी इतकी वर्षं थांबले होते तो माणूस आलाच नव्हता, आणि मी संपले होते.

महादेवराव तिथे उभे राहिले. मला उलटं केलं, सुलटं केलं. मग मनकर्णाबाईंचा फोन उचलला आणि अंगणातल्या उन्हात गेले, अनवाणी. त्यात 'बेटा' असं लिहिलेल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. मी दुसऱ्या हातात होते, म्हणून सगळं ऐकलं.

"हां, आई!" पलीकडून सुशील म्हणाला.

महादेवरावांनी फोन कानाला घट्ट धरला.

"आई? तब्येत कशी आहे? काल डबा देऊन गेली तं मंग फोनच नाही..."

"मी बोलून राहिलो," महादेवराव म्हणाले.

मी काचेची; तेव्हा मला तडा जाईल असं वाटलं.

"तू आईले सेंट देल्लं होतं ना... हिरव्या शिशीतलं. ते कोण्या दुकानात भेटते?"

"काहून बाबा?"

"मी कूलरात टाकलं. वाळ्याचं समजून."

"तशीच चूक होते बाबा त्याच्यात. मी घेतलं तवा मलेबी आपलं दुकानच आठवलं होतं. म्हणून तं घेतलं."

महादेवरावांनी मला नाकाशी नेलं. उन्हात उभं राहून रिकाम्या शिशीचा वास घेणारा तो माणूस मी कधी विसरणार नाही.

"आईले ऊन लागलं आहे. वास आला तं म्हणे, सुशील आला काय." ते म्हणाले. "तूच सांग, मी काय सांगू तिले?"

"मी निघालोच," सुशील म्हणाला.

तो खरंच चहा निवायच्या आत आला. दुपट्ट्यात गुंडाळलेला, घामाने निथळणारा, पाठीमागे मुग्धा. पण दारापर्यंत आला आणि थांबला. महादेवराव खाटेशेजारी स्टुलावर होते. ते 'ये' म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांना म्हणता येत नव्हतं. ते उठले. कूलरच्या स्टँडला दोन्ही हातांनी धरलं आणि तो आख्खा कूलर करकर आवाज करत दाराकडे वळवला. सगळा वारा सुशीलच्या अंगावर गेला.

"भर उन्हातून आला. आधी इथं बस, थंड हो."

सुशील आत आला आणि कूलरपुढे जमिनीवरच बसला. मग उठला नाही, तसाच सरकत सरकत खाटेपाशी गेला आणि आईच्या हातावर डोकं ठेवलं. मुग्धाने पन्ह्याचा पेला भरला. मनकर्णाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. "नवस फेडाले थेंबबी नाही ठेवला तुह्या बापानं," त्या म्हणाल्या. "आख्ख्या घरालेच लावून टाकलं."

त्यांचा ताप दोन दिवसांनी उतरला. सुशील आणि मुग्धा आता रविवारी जेवायला येतात. घरात एसी अजून आलेला नाही. त्यावरून बापलेक अजूनही कडकडून भांडतात, पण आता एकाच पंगतीला बसून, आणि भांडता भांडता एकमेकांच्या ताटात पोळी टाकतात. मला कोणी फेकून दिलं नाही. पावडरीच्या डब्याशेजारी, आरशापुढच्या फळीवर माझी जागा आहे. मला टोपण नाही, तोटी नाही, पोटात काही नाही. कूलरचा वारा येता जाता माझ्या तोंडावरून जातो आणि मी हलकीशी वाजते.

मित्रांनो, जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुठल्यातरी कपाटात माझी एखादी बहीण असेल. नवी साडी असेल, काचेचे पेले असतील, कोणी हौसेने दिलेलं काहीतरी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेलं असेल. त्यांना बाहेर काढा, वापरा, त्यांना हवा लागू द्या. वस्तूची काळजी घ्यायची म्हणजे तिला कोंडायचं नव्हे. आणि वस्तूंचं एक वेळ राहू द्या, पण घरातल्या माणसासाठी मनात एखादा शब्द राखून ठेवला असेल, तो माणूस आपणहून येईल तेव्हाच काढू असं ठरवलं असेल, तर तेवढं मात्र करू नका. शब्दालाही वय असतं. तो आजच काढा. झाकण इतकं घट्ट बसू देऊ नका, की ते उघडायला पक्कड लागावी.